नऊ नंबरची बाटली

माणूस तसा साधा. दोन वेळचं जेवण, संध्याकाळचा पेपर आणि गुडघ्याला लावायचं मलम, एवढ्यावर खूश असणारा. आणि लबाडीही त्याने साधीच केली. दरोडा नाही, मारामारी नाही. एका बोअरच्या बाटलीत दुसऱ्या बोअरचं पाणी भरलं, बस्स. आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? थांबा, सांगतो.

तो खाणीवर पाणी तपासणीच्या कामाला होता. खाणीतला दगड दळून त्यातला धातू काढून घेतला की मागे उरतो राखाडी चिखल. पिठासारखा बारीक, आणि अंगात नाही नाही ते क्षार असलेला. हा चिखल नळातून नेऊन एका मोठ्या बांधामागे सोडायचे. त्याला सगळे गाळाचं तळं म्हणायचे. तळ्याच्या तळाशी जाड प्लास्टिक अंथरलेलं होतं, पण प्लास्टिक ते प्लास्टिक, कुठे फाटेल सांगता येत नाही. फाटलं तर घाण पाणी जमिनीत उतरणार आणि जमिनीखालून चालत चालत लोकांच्या विहिरींपर्यंत जाणार. ते वेळेत कळावं म्हणून तळ्याभोवती बारा बोअर मारलेल्या होत्या. दर महिन्याला या बारा बोअरचं पाणी बाटल्यांत भरायचं, चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि प्रयोगशाळेत नेऊन द्यायचं, हे त्याचं काम. अठरा वर्षं करत होता. प्रयोगशाळेत त्याला बाटलीकाका म्हणायचे.

आणि काम करायचा चोख, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मागाहून तुम्हाला वाटेल की माणूस मुळातच कामचुकार. अजिबात नाही. बोअरच्या नळीत साठून राहिलेलं पाणी शिळं असतं, ते भरून चालत नाही. ते आधी उपसून टाकायचं, जमिनीतून ताजं पाणी झिरपून येईपर्यंत थांबायचं, आणि मग बाटली भरायची. ज्याला घाई असते तो शिळं पाणी भरून मोकळा होतो. आमचा माणूस घाई करायचा नाही. बोअरशी बोलत बसायचा. प्रत्येकीला त्याने नाव ठेवलं होतं. तीन नंबर खादाड, कारण कितीही उपसा, संपायची नाही. सहा नंबर रडकी. आठ नंबर शहाणी, पंधरा मिनिटांत काम उरकून देणारी. आणि नऊ नंबर? ती मुकी. एकदा उपसली की पाणी परत यायला तीन तास. तीन तास तिच्या उशाशी दगडावर बसून राहायचं.

या नऊ नंबरची गोष्ट वेगळी होती. ती मुळात यादीतच नव्हती, आधी बोअर आठच होत्या. तळ्याच्या खालच्या अंगाला चौदा घरांची एक गल्ली होती, आणि गल्लीची विहीर त्याच्या थोरल्या बहिणीच्या अंगणात होती. ताई म्हणजे विचारूच नका. मनात आणलं की करून सोडणार. सात वर्षांपूर्वी गल्लीतल्या बायकांना घेऊन ती खाणीच्या ऑफिसात जाऊन बसली. "तळं आणि आमची विहीर यांच्या मधोमध एक बोअर मारा, त्याशिवाय आम्ही इथून उठायच्या नाही," म्हणाली. साहेबांनी तिला उन्हातान्हाचं सांगून पाहिलं, चहा पाजून पाहिला. चहा प्यायली आणि परत बसली. शेवटी बोअर मारली, तीच ही नऊ नंबर. त्या दिवशी भावाची छाती अभिमानाने फुगली. तो ताईला म्हणाला होता, "तू आता निर्धास्त राहा. पाण्यात काही आलं तर पहिलं मला कळणार, आणि मला कळलं की तासाभरात तुला."

ताईने ते गल्लीभर सांगितलं. माझा भाऊ तपासतो, म्हणाली. गल्लीला तेवढं पुरलं.

सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. आठ आणि नऊचे आकडे सख्ख्या बहिणींसारखे जवळजवळ सारखेच यायचे. मग एका महिन्यात नऊकडे जाणाऱ्या उताराची माती ढासळली आणि पायवाट बुजली. खालून वळसा घालून जायचं तर अर्धा तास जास्त, शिवाय चढ. गुडघा आधीच बोंबलत होता. कसाबसा पोचला तर कुलूप गंजून घट्ट झालेलं, किल्ली फिरेना. तो दगडावर बसला. घाम पुसला. आणि त्याच्या मनात आलं, आठचं आणि नऊचं पाणी तर एकच येतं. या महिन्यापुरतं आठचंच भरू. पुढच्या महिन्यात तेल आणू, कुलूप सोडवू.

पुढच्या महिन्यात त्याने तेल आणलंच नाही.

आणि तिसऱ्या महिन्यापासून खरी गंमत सुरू झाली, म्हणजे गंमत कसली, फासच. आता जर नऊचं खरं पाणी भरलं आणि आकडा जरा जरी वेगळा आला, तर विचारणार की मागचे दोन महिने सारखा कसा? म्हणजे खरं पाणीच त्याला खोटं पाडणार! असं करत करत तो दर महिन्याला शहाणीच्या दोन बाटल्या भरू लागला. एकीवर आठ, एकीवर नऊ. हात सराईत झाला. पहिल्या वेळी चिठ्ठी लिहिताना बोटं अडखळली होती, पाचव्या वेळी तो शीळ घालत होता. मला या शीळ घालण्याचाच जास्त राग येतो.

मधूनमधून ताईकडे जाणं व्हायचं. ताई दारातच विचारायची, "चहा टाकू ना?"

"नको गं, आत्ताच घेऊन निघालो."

"बरं, पाणी तरी घे. उन्हातून आलायस."

"गाडीला बाटली आहे माझी. पित्त झालंय, डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय."

"मी बाहेरची कधीपासून झाले रे?" असं म्हणून ताई हसायची, आणि तोही हसायचा. मग ती इकडचं तिकडचं बोलायची. एकदा म्हणाली, "अरे धाकट्या, हल्ली भांड्यांना पांढरा थर बसतोय. पाणीही जरा कडसर लागतं. सासूबाईंचं पोट महिनाभर बिघडलंय, काही केल्या थांबत नाही. बघतोस ना तू नीट?"

"बघतो म्हणजे काय? दर महिन्याला बघतो. ऋतू बदलला की पाण्याला होतं तसं," त्याने ठोकून दिलं. आणि गाडीला किक मारली. ताईने हात हलवला, आणि समोरच्या घरातल्या बाईला तिथूनच ओरडून सांगितलं, "भाऊ म्हणतोय, ऋतूचं आहे!"

आठ-नऊ महिने झाले तेव्हा प्रयोगशाळेतले जुने साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक मॅडम आल्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. जुने साहेब आकडे लिहून फाइल बंद करायचे. मॅडमनी सगळ्या आकड्यांचे आलेख काढून भिंतीवर लावले. बारा बोअर, बारा रेघा. आठवड्याभराने बाटल्या घेऊन गेला तर मॅडम भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"काका, हे बघा. आठची आणि नऊची रेघ. सहा वर्षं जवळजवळ आहेत, पण वेगळ्या आहेत. आणि मागचे आठ-नऊ महिने एकीवर एक. केसभर फरक नाही. असं होतं का कधी?"

तो बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या उगाच नीट करू लागला. पण मॅडमच पुढे म्हणाल्या, "माझ्या मशीनचा घोळ आहे. आठचं पाणी आतल्या नळीत राहत असणार आणि नऊमध्ये मिसळत असणार. तुमच्या बाटल्यांवर माझा डोळे झाकून विश्वास आहे हो. जुने साहेब सांगून गेलेत, हा माणूस सोन्यासारखा आहे म्हणून."

सोन्यासारखा माणूस मान हलवून बाहेर आला. तोंड उघडायची हीच वेळ होती. नाही उघडलं.

मॅडमनी मशीन उघडलं, नळ्या धुतल्या. पुढच्या महिन्यात नऊची बाटली आधी लावली, आठची मागून. तरी आकडा तोच. नळ्या बदलल्या. तरी तोच. बाटल्या धुणाऱ्या बाईवर त्यांनी आवाज चढवला आणि मग तिची माफीही मागितली. त्यांचा चेहरा उतरत चालला. डबा तसाच परत न्यायच्या. आणि एका सकाळी त्या त्याला म्हणाल्या, "काका, मी खाणीच्या साहेबांना लिहून देतेय. प्रयोगशाळेची चूक आहे, जबाबदारी माझी. नोकरीला तीन महिने झाले नाहीत आणि मलाच जमत नाही म्हणून लिहून द्यायचं... असो. तुम्हाला उगाच दरमहा त्या उतारावर पाठवलं आणि पाणी इथे वाया घालवलं. सॉरी हं."

सॉरी! त्याला म्हणाल्या! त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेती तर तो उडी मारून आत गेला असता. "मॅडम, ते पत्र आज देऊ नका," एवढंच तो कसंबसं म्हणाला, आणि लोखंड कापायची करवत घेऊन गाडीवर बसला.

नऊ नंबरभोवती झुडपं माजली होती. त्याने ती वाकवली, कुलूप कापलं, झाकण उघडलं. कोळ्याचं जाळं तुटलं. खोली मोजायची फीत आत सोडली तर पाणी लागल्याची शिट्टी लवकरच वाजली. पाणी पहिल्यापेक्षा पुरुषभर वर आलं होतं. वरच्या बाजूला गाळाचं तळं. पाणी कुठून आलं असेल हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तरी तो नियमाने वागला. शिळं पाणी उपसून टाकलं. दगडावर बसला. जे तीन तास वाचवण्यासाठी त्याने अकरा महिने घालवले होते, ते तीन तास तो बसून राहिला. मुकी या वेळी मुकी नव्हती, तासाभरातच भरली, पण तो उठला नाही. उठायची हिंमत होत नव्हती. शेवटी पाणी काढून क्षार मोजायचं हातातलं यंत्र त्यात बुडवलं. आठचा आकडा सहाशेच्या आसपास असायचा. इथे दोन हजार नऊशे आला. त्याने यंत्र पुसलं, स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवून पाहिलं. यंत्र ठीक होतं. परत बुडवलं. दोन हजार नऊशे. मॅडमसारखंच त्यालाही क्षणभर वाटलं, यंत्राचाच घोळ असावा. देवा, यंत्राचाच असू दे. पण मॅडमच्या यंत्राचा घोळ नव्हता, आणि याच्याही नव्हता.

दुपारी त्याने मॅडमच्या टेबलावर बाटली ठेवली.

"ही नऊची."

"मग आधीच्या?"

"आठच्या."

मॅडमनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "किती महिने?"

"अकरा."

"मी मशीन चार वेळा उघडलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी रडले घरी जाऊन." काका म्हणाल्या नाहीत. त्यानंतर कधीच म्हणाल्या नाहीत. बाटली उचलून त्या मशीनकडे वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुमच्याशी नंतर बोलेन. आधी सांगा, नऊच्या खाली पाणी कोण पितं?"

"माझी ताई," तो म्हणाला. "चौदा घरं आहेत. विहीर ताईच्या अंगणात आहे."

तासाभरात मशीनचा आकडा आला. क्षार तर होतेच, जड धातूंचाही माग लागला होता. साहेबांनी त्याला खुर्चीवर बसूही दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. म्हणाले, "उद्या सकाळी नोटीस लावू, टँकर पाठवू. तू आता घरी जा. कामावर यायचं नाहीस." तो म्हणाला, "साहेब, नोटीस लावा. पण आज मी जाऊन सांगतो. मी तासाभरात सांगीन म्हणालो होतो." साहेबांनी टँकरसाठी फोन उचलला. कुठल्या तासाची गोष्ट करतोय हा, असं त्यांना वाटलं असणार. वर्ष होत आलं होतं.

गल्लीत पोचला तेव्हा विहिरीवर चार-पाच बायका होत्या. ताई रहाटाशी. त्याला बघून तिचं तोंड फुललं. "अगं बाई, आज अवेळी? ये ये. चहा..."

"ताई, पाणी काढू नका." तो धापा टाकत होता. "कुणीच काढू नका. प्यायचं नाही, स्वयंपाकाला घ्यायचं नाही. गाळाच्या तळ्याचं पाणी विहिरीत उतरलंय."

बायका थबकल्या. समोरच्या घरातली बाई म्हणाली, "कधीपासून?"

इथे खोटं बोलता आलं असतं. कालपासून म्हटलं असतं तरी कुणाला कळणार होतं? त्याने रहाटाचा खांब धरला आणि सगळं सांगितलं. बुजलेली पायवाट, गंजलेलं कुलूप, दोन बाटल्या. गुडघ्याचं नाव मात्र काढलं नाही. ज्यांच्या घरी म्हातारी महिनाभर अंथरुणाला खिळली होती, त्यांच्यापुढे गुडघ्याचं काय सांगायचं? बोलून झाल्यावर तो शिव्यांची वाट बघत उभा राहिला. लाज एवढी होती की कुणी कानाखाली लगावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पण बायकांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्या ताईकडे बघत होत्या.

"आम्ही तुम्हाला दहादा विचारलं हो," समोरची बाई म्हणाली. "पाणी कडू लागतंय म्हणून. तुम्ही म्हणायचात, माझा भाऊ तपासतो."

ताईने मान खाली घातली. ऑफिसात साहेबांपुढे जी मान खाली गेली नव्हती, ती. "चुकलं माझं," ती म्हणाली.

"ताई, तुझं काय चुकलं? माझं..."

"तू गप्प बस." तिने रहाटाचा दोर सोडून घेतला, गुंडाळी करून काखोटीला मारला. भरलेल्या घागरी सगळ्यांनी अंगणात ओतल्या. एकेक बाई गेली.

ताई आत गेली. तो पायरीशी उभा राहिला, आत जायचं धाडस होईना. थोड्या वेळाने ती बाहेर आली तर हातात रिकामा पेला. त्याचा नेहमीचा, काठाला पोचा आलेला. तो आला की ती हाच पेला काढायची.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मागच्या वर्षी बाबांच्या आजारपणावरून मी तुला चारचौघांत टाकून बोलले होते. आठवतं?"

"त्याचं आता काय, ताई?"

"तेव्हापासून तू माझ्याकडे पाण्याचा थेंब घेतला नाहीस. चहा नको, पाणी नको. मला वाटायचं, मनाला लागलंय त्याच्या. माझ्या जिभेला हाड नाही म्हणून मी स्वतःला बोल लावत बसायचे. दर वेळी ठरवायचे, आज माफी मागू त्याची. हा पेला घासून ठेवायचे, म्हटलं, एक दिवस राग जाईल आणि मागेल." तिने त्याच्याकडे बघितलं. "राग नव्हता ना तुला?"

"नाही गं."

"म्हणजे पाण्यात काय आहे ते तुला ठाऊक होतं."

"नाही, ताई! शप्पथ घेऊन सांगतो, आज सकाळपर्यंत मला ठाऊक नव्हतं. नऊ नंबर मी उघडलीच नव्हती."

"मग प्यायला का नाहीस?"

त्याने बोलायला तोंड उघडलं. पित्त, डॉक्टर, गाडीला लावलेली बाटली, सगळं जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. मग आतून सासूबाईंनी पाणी मागितलं, आणि घरात द्यायला पाणी नव्हतं.